दिवाळीच्या आठवड्यात दोन्ही घरं

सासर बेळगावातल्या वडगावला, माहेर जवळच्याच खानापूरला. दोघांचीही नोकरी बेंगळूरला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत रोज इकडून तिकडे धावलो आणि एकमेकांशी धड बोललोही नाही. आता वसुबारसेआधीच वार ठरवून दोन्ही आयांना फोन करायचा. पाडव्यापर्यंत सासरी राहायचं, कारण पाडव्याला ओवाळायचं नवऱ्याला. भाऊबीजेला सकाळच्या बसने खानापूर, आणि तिथे मुक्काम करायचाच. तासाभरात परत निघालं की आईचं तोंड उतरतं.

एक काम मात्र दोघांनी मिळून करा. आम्ही कुंदा करतो, म्हणजे आपली बेळगावची दुधाची मिठाई. 2 लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत निम्मं आटवायचं, मग 2 चमचे दही घालायचं, म्हणजे दाणा पडतो. दुसऱ्या शेगडीवर पाव किलोतली निम्मी साखर कोरडीच वितळवायची. ती मधासारखी लाल झाली की लगेच दुधात ओता, क्षणभर थांबलात तर कडू होते. कढई फसफसते, हात लांब ठेवा. उरलेली साखर घालून कडा सुटेपर्यंत ढवळायचं. हात भरून येतात, म्हणून हे आणि मी आळीपाळीने उलथनं धरतो. वर्षभराचं बोलणं त्या दीड तासात होतं.

खरेदीला बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत सकाळीच जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. पुतण्यांच्या किल्ल्यावर मोहरी पेरायची असेल तर चार दिवस आधी पेरायला सांगा.