दहा शेळ्या दारात येण्याआधी

शेळ्या दिवाळीनंतर आणायच्या असल्या तरी तयारी मृगालाच धरा, आणि ती चाऱ्यापासून. बहुतेकांचं इथंच उलटं होतं. आधी लाखभर घालून शेड उभं करतात, जनावरं आणतात आणि तिसऱ्या आठवड्यात घरातलं एक माणूस बांधाबांधानं पाला ओरबाडत फिरायला लागतं. मोठ्या शेळीला दिवसाला 3-4 किलो हिरवं, किलोभर वाळलेलं आणि पावशेर खुराक लागतो. दहा शेळ्या, एक बोकड. हिशेब मांडून बघा. जूनमध्येच बांधावर शेवरी, हादगा टोकून घ्या. विहिरीला पाणी टिकत असेल तर थोडा मेथीघासही करा. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट मळणीलाच सांगून ठेवायचं, उन्हाळ्यात ते समोरचा म्हणेल त्या भावानं घ्यावं लागतं.

गोठ्यावर फार पैसा घालू नका. मोठ्या शेळीला छपराखाली 10-12 चौरस फूट, बाहेर त्याच्या दुप्पट मोकळं अंगण, जागा उंचवट्यावरची, लांबी पूर्व-पश्चिम. खाली मुरूम पुरतो. गव्हाणीला बांबू मात्र आठवणीनं मारा, नाहीतर शेळ्या आत चढून लेंड्या टाकतात आणि त्या चाऱ्याला मग एकही तोंड लावत नाही. बोकडाचा कप्पा वेगळा.

आमच्या मराठवाड्यात उस्मानाबादीच घ्यावी. काटक, आणि जुळी देणारी. पण नुसता काळाभोर रंग बघून भुलू नका. आम्ही पहिल्या चार आठवडी बाजारातून आणल्या होत्या. ‘गाभण आहे’ म्हणून घेतलेली पाच महिने खाऊन तशीच राहिली, दुसरीचा एक सड बंद निघाला. तेव्हापासून दारोदार फिरून घेतो. खालचा ओठ दाबून दात बघायचे, त्यावरून वय कळतं. दोन दाती किंवा चार दाती बरी. दुभती असेल तर दोन्ही सडांची धार स्वतः काढून बघायची. बोकड जुळ्यातला आणि दुसऱ्या कळपातला घ्या, दोन वर्षांनी बदला. नाहीतर त्याच्याच पाटी, म्हणजे त्याच्या माद्या पिल्लं, मोठ्या होऊन त्याच्याखाली येतात. नंतर आणलेलं जनावर 21 दिवस वेगळं बांधा. पीपीआर या शेळ्यांच्या जीवघेण्या साथीची लस झाली का ते विचारून घ्या. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस आणि जंताचं औषध पावसाळ्याच्या तोंडावर.

माज दिसून बोकड लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा, तिथून साधारण 150 दिवसांनी शेळी विते. विण्याच्या आठवड्यात एका डब्यात टिंक्चर आयोडीन, नवं ब्लेड, दोरा, जुनी सुती साडी आणि चार्ज केलेली बॅटरी ठेवा. शेळी रात्रीही विऊ शकते. करडाच्या नाकातोंडातला चिकटा पुसा, नाळ दोन बोटं ठेवून बांधा, कापा, आयोडीन लावा. आणि अर्ध्या तासात चीक, म्हणजे पहिलं दूध, पाजा. जार (वार) पडल्याशिवाय पाजू नये असं घरातली म्हातारी माणसं हमखास सांगतात. त्यांना हो म्हणा आणि पाजा.

आता वही. वेत, तारीख, करडांचं वजन, औषध, सगळं त्यात. बोकड ईदला विकायचे असतील तर पहिल्या पानावर बकरी ईदची तारीख लिहा. ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. वर्षाचा बोकड हवा म्हणजे तिथून सतरा महिने मागं मोजून शेळ्या लावायच्या. आम्ही अठरा-एकोणीस धरतो, कारण गिऱ्हाईक आलं की वय ओळखायला आधी ओठ दाबून दात बघतं.