परदेशात भोगी, गड्डा आणि शेंगाचटणी: सोलापुरातून काय न्यायचं आणि काय तिथंच जुळवायचं

गेल्या वर्षात आमच्या घरातली तीन पोरं बाहेर गेली, भाचा आयर्लंडला, पुतण्या जर्मनीत आणि चुलत दिराची मुलगी ऑस्ट्रेलियाला, आणि तिघांचाही फोन निघायच्या आदल्या रात्रीच, "काकू, काय नेऊ?" मी जर्मनीत सात वर्षं राहून आता परत जुळे सोलापुरात आलेय म्हणून मलाच विचारतात. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

बॅग भरायच्या आधी एक ठरवा. सणातली कुठली गोष्ट हलवायची नाही आणि कुठली बदलली तरी चालेल? हे मी शिकले ते आमच्या पूर्व भागातल्या माहेरी, शेजारच्या अम्मांकडून. पद्मशाली लोक तेलंगणातून इथं मागावर काम करायला आले त्याला पिढ्या झाल्या, पण पितृ अमावस्या आली की अम्मांच्या दारात आजही बतकम्मा रचली जाते. ताटात फुलांचे थरावर थर, वर हळदीची गौरम्मा, आणि बायका भोवती फेर धरून टाळ्या वाजवत तेलुगूत गाणी म्हणतात. त्यांच्या तंगेडूला आपण तरवड म्हणतो, गुनुगूला कुर्डू. ज्या वर्षी ही रानफुलं मिळाली नाहीत त्या वर्षी अम्मांनी सरळ बाजारातला झेंडू न् शेवंती लावली, पण गाणं आणि फेर कधी सोडला नाही. आणि याच अम्मा रोजच्या जेवणात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खातात, तिथं काही हट्ट नाही. म्हणजे काय, फूल बदललं तरी चाललं, गाणं नाही. तुमच्या घरातलं "गाणं" कोणतं ते आईला विचारून घ्या, बाकी सगळं जुळवता येतं.

आता बॅग. युरोपात आणि इंग्लंडमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, खवा, घरचं तूप सगळं गेलं. आई लोकांना हे पटत नाही, "घरचं साजूक तूप आहे, त्याला काय होतंय," पण तिथल्या कस्टमवाल्याला साजूक काय न् नासकं काय, सारखंच. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला तिथं दुकानात मिळतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी तर फॉर्मवर खाण्याची प्रत्येक वस्तू लिहायची, मसाल्याची पुडी असली तरी. लिहिलं आणि चालणार नसेल तर फार तर वस्तू काढून घेतात, लपवलं तर दंड, न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 डॉलर. नियम बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टमची साईट स्वतः बघा, माझ्यावर जाऊ नका.

आणि एक जे कुणी सांगत नाही, सुकं खोबरं आणि कापूर विमानात चालत नाही. दोन्ही पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. माझ्या पहिल्याच खेपेला आईनं प्रेमानं घातलेल्या खोबऱ्याच्या चार वाट्या विमानतळावरच काढून ठेवाव्या लागल्या, ती अजून हळहळते.

मग न्यायचं काय? कडक भाकरी. सोलापूरच्या माणसाला देवानं प्रवासासाठीच दिलीय ती, पाणी नाही, तेल नाही, महिनाभर काही होत नाही, फक्त स्टीलच्या डब्यात उभी न लावता आडवी रचा आणि मध्ये कागद घाला, नाहीतर पोचेपर्यंत चुरा. झालाच चुरा तर आमटीत घाला, कुस्करायचा त्रास वाचला. शेंगाचटणी अर्धा किलो, दुहेरी पिशवीत, मोठ्या बॅगेत. पुरणयंत्र आणि चकलीचा सोऱ्या न्या, तिथं पटकन मिळत नाहीत. लोखंडी खलबत्ता न्यावा की नाही यावर आमच्यात भांडणं झालीत, 23 किलोत पाच किलो त्यालाच जातात, पण मी नेला आणि मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. डाळी, हळद, गूळ मात्र नेऊ नका, प्रत्येक शहरात एक तरी इंडियन दुकान आहे. पुतण्यानं चार किलो तूरडाळ नेली, काय बे, तिथं कोपऱ्यावर मिळते की!

चटणी संपली की करायची कशी, तर सगळा खेळ दाण्याचा. सुपरमार्केटमधले खारे तळलेले दाणे आणून उपयोग नाही. जर्मनीत डिसेंबर लागला की दुकानात टरफलासकट शेंगांचे ढीग दिसतात, 6 डिसेंबरला संत निकोलाउसचा सण असतो तेव्हा पोरांच्या बुटात संत्री, अक्रोड आणि शेंगा घालायची तिथं पद्धत आहे. मी पहिल्या वर्षी ते बघून इतकी हरखले की दोन किलो घेऊन आले, पण त्या आधीच भाजलेल्या, चटणीला कडवट लागतात. कच्चे, लाल सालाचे, बारीक दाणे एशियन दुकानात मिळतात तेच घ्या. दोन वाट्या दाणे अगदी मंद आचेवर भाजा, घाई केलीत की बाहेरून काळे आत कच्चे. साल निम्मी काढा निम्मी राहू द्या. आठ-दहा लसूण पाकळ्या सालासकट, चमचाभर जिरं, दोन चमचे लाल तिखट, मीठ. खलबत्ता असेल तर तेल सुटेपर्यंत कुटा. मिक्सर असेल तर एक-एक सेकंद फिरवून थांबा, परत फिरवा, परत थांबा, सलग फिरवलंत की भांडं तापून सगळ्याचं पीनट बटर होतं, तिखट पीनट बटर, तेही खाल्लंय आम्ही.

पण ही चटणी मुलाच्या डब्यात देऊ नका. हे मोठ्या अक्षरात वाचा. आपलं सोलापूर शेंगदाण्यावर उभं आहे, चटणी शेंगाची, पोळी शेंगाची, भाजीत कूट, आमटीत कूट, आणि तिकडं किती शाळांत दाण्याचा कणसुद्धा चालत नाही, कारण ज्याला ॲलर्जी आहे त्या पोराच्या जिवावर बेतू शकतं. तिळाचंही तसंच, अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळ ॲलर्जीच्या मुख्य यादीत गेलाय, युरोपात आधीपासून आहे. म्हणजे संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटायची हौस असली तर आधी बाईंना विचारा, नसेल चालत तर बिनतिळाचा हलवा द्या किंवा पतंगाचे कागद द्या. शेजाऱ्यांना तिळगूळ देताना डब्यावर त्यांच्या भाषेत "तीळ, शेंगदाणे" असं लिहून द्या. मी लिहायला लागले तेव्हापासून लोक निर्धास्त घ्यायला लागले. त्याआधी एक बाई हसून घ्यायची आणि मला वाटतं तशीच टाकून द्यायची.

भाकरीचं पीठ. ज्वारीचं पीठ मिळतं, इंडियन दुकानात, आफ्रिकन दुकानात, कधी ग्लूटेन नसलेल्या पिठांच्या फळीवर, पण किती महिन्यांचं असेल देव जाणे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापायला घेतली की कडा फाटतात. त्याला उकळतं पाणी घाला, झाकून दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर मळा. तरीही फाटत असेल तर मूठभर कणीक घाला आणि कुणाला सांगू नका. काचेच्या शेगडीवर जाळ नसतो, त्यामुळे फुगवायला तव्यावरच फडक्यानं दाबत फिरवायची. कडक करायची असेल तर पातळ थापून तव्यावर भाजा, मग ओव्हनच्या जाळीवर 100-120 डिग्रीला वाळेपर्यंत ठेवा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची चव येणार नाही, ते सोडून द्या.

भोगीच्या भाजीनं मला खरं शहाणपण दिलं. पहिल्या वर्षी मी पावटा, ओला हरभरा, बोरं, ऊस शोधत शहरभर हिंडले, उणे पाच डिग्रीत, आणि पावटा फ्रोझन मिळाला, बोरं नाहीतच. रडकुंडीला येऊन आईला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, भोगीला त्या वेळी रानात जे उभं असतं ते घालायचं, तुझ्याकडं रानात काय उभंय?" त्यांच्याकडं जानेवारीत गाजर, कांद्याची पात दिसते तसला लीक, नवलकोल आणि ब्रसेल्स स्प्राउट, ते बोराएवढे कोबीचे गड्डे असतात ना ते. पुढच्या वर्षी टर्किश भाजीवाल्याकडून छोटी वांगी घेतली, बाकी सगळं तिथलंच, वर तिळाचं न् दाण्याचं कूट, काळा मसाला, शेजारी तीळ लावलेली बाजरीची भाकरी. व्हिडिओवर आईला ते छोटे गड्डे दाखवले, म्हटलं ही कोबीची पिल्लं. "मग लेकुरवाळी भाजीच झाली की!" म्हणाली, भोगीच्या भाजीला आमच्याकडं लेकुरवाळीच म्हणतात. टर्किश दुकान ओळखून ठेवा बरं का, जर्मनीत तरी तीळ, वांगी, कोथिंबीर, छोले, सगळं इंडियन दुकानापेक्षा ताजं आणि स्वस्त तिथंच.

सुगडाला मातीचे छोटे गमले घ्या, बुडाचं भोक कणकेनं बुजवा. दसऱ्याला आपटा मिळणार नाही, पण युरोपातल्या रस्त्यांवर गिंको नावाचं झाड खूप असतं, त्याचं पान मधोमध चिरलेलं, लांबून अगदी आपट्याचा चुलतभाऊ, आणि ऑक्टोबर सरता सरता खरंच सोन्यासारखं पिवळं होतं. खाली पडलेली पानं वेचा, तोडू नका. गणपती शाडूचा, विसर्जन घरी बादलीत, आणि ते पाणी कुंडीत, नदीत सोडायला जाऊ नका. फटाके जर्मनीत सामान्य माणसाला फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीलाच उडवता येतात, त्यामुळे दिवाळीत पणत्यांवर भागवा. आणि धूप, होम, ठेच्याची फोडणी यातलं काहीही करायच्या आधी छतावरचा धुराचा अलार्म आठवा. आमच्याकडं लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो वाजला आणि खालचे आजोबा पायजम्यावर वर आले. त्यांना करंज्या देऊन परत पाठवलं, पुढच्या वर्षी ते अलार्म न वाजताच आले.

तारखेचं एक लक्षात ठेवा, कॅलेंडर भिंतीवर सोलापूरचं असलं तरी तिथी तिथल्या सूर्योदयानं चालते, अमेरिकेत तर कधी कधी सण एक दिवस पुढंमागं होतो. ॲपमध्ये शहर बदलून बघा. मंडळवाले मोठा कार्यक्रम शनिवारीच ठेवतात, त्यावर नाक मुरडू नका, घरी त्या दिवशी दिवा लावा आणि शनिवारी मंडळात जा, लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून चाललंय ते लोकांनी सवड काढली म्हणूनच.

"इतकं बदललं तर राहिलं काय," असं सासूबाई म्हणतात. मी त्यांना मॉरिशसचं सांगते. तिथं उसाच्या मळ्यात राबायला मराठी माणसं 1830च्या दशकापासून गेली, आज घरात बोलतात क्रिओल, पण गणेश चतुर्थीला देशाला सुट्टी असते. किंवा आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू लोक, इस्रायलला गेले तरी शुभकार्याला मलिदा करतात, भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, फळं. गंमत म्हणजे आमच्या अम्माही बतकम्माला मलिदाच करतात, पण तो भाकरी कुस्करून गुळात. नाव एक, ताटं दोन.

गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं, मात्र काही जुळवता येत नाही. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज तिथं कुठून आणणार. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं प्रतीकात्मक लग्न, फोनवर लाइव्ह बघायचा, हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागं, म्हणजे दुपारी इथं संमती कट्ट्यावर गर्दी असते तेव्हा तिथं सकाळ. त्या दिवशी ऑफिसला उशिरा येते म्हणून आधीच सांगून ठेवा. पांढरं काहीतरी घाला, मुठीत हळद लावलेले तांदूळ घ्या, आणि संमती वाचताना "सत्यम सत्यम" झालं की फोनवर टाका. तांदूळ गालिच्यात जातात, मार्चपर्यंत व्हॅक्यूममध्ये येत राहतात.

परत आलो तेव्हा मला वाटलं हे सगळं जुळवणं संपलं. पण माझा मुलगा तिथंच वाढलेला, 5 डिसेंबरच्या रात्री त्यानं जुळे सोलापुरातल्या दाराबाहेर शाळेचे बूट पुसून ठेवले. आता एकात संत्रं घालते, दुसऱ्यात शेंगा, मंगळवार बाजारातून आणून घरी भाजलेल्या. समोरच्यांच्या नातीनं विचारलं हे काय, आणि या वर्षी तिची पण चप्पल रांगेत होती, एकच, दुसरी कुत्र्यानं नेलेली.