लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पासवर्ड नको? लिनक्समध्ये नेमकं काय बदलायचं

झाकण उघडल्यावर पासवर्ड मागतो तो लिनक्सचा कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, नव्हे. कर्नलला लॅपटॉप झोपवता येतो आणि उठवता येतो, कुलूपबिलूप त्याच्या गावीही नसतं. झोपायच्या आधी सिस्टीमडी या पडद्यामागच्या व्यवस्थापक प्रोग्रॅमचा लॉगिनडी हा भाग चालू असलेल्या प्रोग्रॅमांना तशी सूचना देतो आणि आवराआवर करायला थोडा अवधी देतो. मूळ सेटिंगनुसार तो जास्तीत जास्त ५ सेकंदांचा असतो. त्या अवधीत तुमचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेन्यू आणि सेटिंग्ज दाखवणारा प्रोग्रॅम, पडद्याला कुलूप लावतो. म्हणजे उठल्यावर दिसणारं कुलूप झोपण्यापूर्वीच लागलेलं असतं.

त्यामुळे ही सेटिंग शोधायची ती डेस्कटॉपमध्ये. तुमचं लिनक्स उबुंटू, फेडोरा की मिंट यापेक्षा त्यावरचा डेस्कटॉप ग्नोम, सिनॅमन, केडीई की एक्सएफसीई हे महत्त्वाचं. शिवाय कुलूप लावणारे एकापेक्षा जास्त असू शकतात. ‘सेटिंग बंद केली तरी विचारतोच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

आधी हे ठरवा

लॅपटॉप साध्या झोपेत असताना मेमरी चालू असते आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय वाचता न येणारी) असली तरी तिची किल्ली त्या मेमरीतच असते. अशा वेळी चोर आणि तुमच्या फायली यांच्यामध्ये पडद्यावरच्या कुलपाखेरीज काहीच नसतं. ते काढलं की झोपलेल्या लॅपटॉपपुरता एन्क्रिप्शनचा उपयोग संपला. घरातल्या टेबलावरून न हलणाऱ्या यंत्राला हे चालेल. लोकलमधून, एसटीतून रोज फिरणाऱ्या लॅपटॉपला चालणार नाही. निदान प्रवासाला निघताना तो झोपवू नका, पूर्ण बंद करा. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर असेल आणि लिनक्सला तो ओळखता येत असेल, तर कुलूप राहू देऊन ठसा नोंदवणं जास्त शहाणपणाचं.

ग्नोम आणि उबुंटू

उबुंटू २४.०४ मध्ये ‘सेटिंग्ज’ उघडा, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जा, तिथून ‘स्क्रीन लॉक’. २२.०४ मध्ये हेच ‘प्रायव्हसी’खाली ‘स्क्रीन’ या पानावर आहे. इथली ‘ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक’ आणि ‘लॉक स्क्रीन ऑन सस्पेंड’ ही दोन बटणं वेगवेगळी आहेत. पहिलं लॅपटॉप नुसता पडून राहिल्यावर लागणाऱ्या कुलपाचं, दुसरं झोपताना लागणाऱ्या कुलपाचं. दुसरं बंद करायचं.

दुसरं बटण उबुंटूने स्वतः जोडलेलं आहे. फेडोरासारख्या मूळ ग्नोममध्ये ते दिसत नाही. तिथे ‘ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक’ हे एकच बटण दोन्ही कामं करतं. त्याच्या शेजारी कुलूप उशिरा लावण्याचा पर्याय असतो, पण तो पडदा काळा झाल्यानंतरच्या कुलपापुरता. झोपताना ग्नोम वाट न पाहता कुलूप लावतो, म्हणून तिथे ‘१ तास’ निवडूनही झाकण मिटलं की पासवर्ड येतोच.

बटण सापडत नसेल किंवा बंद करूनही फरक पडत नसेल, तर सॉफ्टवेअर सेंटरमधून ‘डीकॉन्फ एडिटर’ हा आतल्या सेटिंगा बदलणारा प्रोग्रॅम बसवा. त्यात ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, स्क्रीनसेव्हर अशा क्रमाने आत जा. उबुंटूवर ‘उबुंटू-लॉक-ऑन-सस्पेंड’ आणि इतरत्र ‘लॉक-एनेबल्ड’ ही नोंद ‘फॉल्स’ करा. परत पहिल्यासारखं करायचं झालं तर प्रत्येक नोंदीत ‘डिफॉल्ट व्हॅल्यू वापरा’ अशा अर्थाचा खटका असतो, तो चालू केला की झालं. जवळच ‘लॉकडाउन’ या फोल्डरात ‘डिसेबल-लॉक-स्क्रीन’ अशी नोंद आहे आणि बरेच जण थेट तिलाच हात घालतात. ते टाळा. ती ‘ट्रू’ केली की सुपर (विंडोजच्या चिन्हाची कळ) आणि एल ही कळांची जोडीही काम करेनाशी होते, म्हणजे हवं तेव्हा हाताने कुलूप लावायची सोयही जाते.

सेटिंग बंद, तरी पासवर्ड: मुख्य सापळा

ग्नोममध्ये मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटं कळ किंवा माउस हलला नाही की पडदा काळा होतो आणि ‘ऑटोमॅटिक स्क्रीन लॉक’ चालू असेल तर लगेच कुलूपही लागतं. समजा, लॅपटॉप १५ मिनिटांनी आपोआप झोपतो. मग झोपायच्या १० मिनिटं आधीच तो कुलूपबंद झालेला असतो. ‘झोपताना कुलूप लावू नकोस’ ही सूचना तो इमानाने पाळतो, पण आधी लागलेलं कुलूप काढत नाही.

म्हणून तपासणी दोनदा करा. एकदा काम चालू असतानाच झाकण मिटा, दहा सेकंद थांबा, उघडा. दुसऱ्यांदा लॅपटॉप आपोआप झोपेपर्यंत तसाच सोडून द्या. पहिल्यात पासवर्ड आला नाही आणि दुसऱ्यात आला, तर दोषी हे निष्क्रियतेचं कुलूप आहे. त्याचा अवधी वाढवा किंवा तेही बंद करा. सिनॅमन, केडीई, एक्सएफसीई सगळीकडे हाच प्रकार घडतो. कुलूप बंद असतानाही ग्नोममध्ये कधीकधी घड्याळाचा पडदा दिसतो. कोणतीही कळ दाबली की तो सरकतो, त्याला पासवर्ड लागत नाही.

इतर डेस्कटॉप

लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधलं ‘स्क्रीनसेव्हर’ उघडा. संगणक झोपवताना कुलूप लावण्याचा पर्याय तिथेच आहे, तो बंद करा. स्क्रीनसेव्हर सुरू झाल्यावर कुलूप लावण्याचा पर्याय त्याच पानावर वेगळा दिलेला असतो.

केडीई प्लाझ्मात ‘सिस्टीम सेटिंग्ज’मध्ये ‘स्क्रीन लॉकिंग’ शोधा आणि झोपेतून उठल्यावर कुलूप लावण्याच्या पर्यायावरची खूण काढा. केडीईची एक सोय इथे सांगायला हवी: आपोआप लागलेलं कुलूप काही काळ पासवर्डशिवाय उघडू देणारा पर्याय याच पानावर आहे. पडदा लॉक झाला आणि तुम्ही समोरच बसलेले आहात, अशा वेळी माउस हलवला की काम भागतं. निष्क्रियतेच्या कुलपाचा जाच कमी करायला एवढंही पुरतं.

सर्वांत गोंधळाचा डेस्कटॉप म्हणजे एक्सएफसीई. त्यात ‘पॉवर मॅनेजर’मध्ये झोपताना कुलूप लावण्याची एक खूण असते आणि ‘स्क्रीनसेव्हर’च्या ‘लॉक स्क्रीन’ टॅबमध्ये तशीच दुसरी. दोन्ही काढा. काही यंत्रांवर शिवाय ‘लाइट-लॉकर’ नावाचा तिसरा भिडू असतो. तो लाइटडीएमचा, म्हणजे थेट लॉगिनचाच पडदा पुढे करतो. त्यामुळे सेशन बंद पडलं, उघडलेल्या फायली गेल्या, असं वाटतं. प्रत्यक्षात पासवर्ड दिला की सगळं जागच्या जागी असतं. तो चालू आहे का हे टास्क मॅनेजरमध्ये नावाने शोधा. असेल तर ‘सेशन अँड स्टार्टअप’मधल्या आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांच्या यादीतून त्याची खूण काढा, लॉगआउट करा आणि पुन्हा आत या.

पूर्ण डेस्कटॉपऐवजी आय३ किंवा स्वे हे नुसत्या खिडक्या सांभाळणारे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी आपली कॉन्फिग फाइल बघावी. आय३च्या मूळ फाइलमध्येच ‘एक्सएसएस-लॉक’ सुरू करणारी एक ओळ असते; तिच्यापुढे हॅशचं चिन्ह टाकलं की काम झालं. स्वेमध्ये ‘स्वेआयडल’च्या ओळीतला ‘बिफोर-स्लीप’ हा तुकडा तेवढा काढायचा.

जे पासवर्ड या सेटिंगांनी जाणार नाहीत

काळ्या पडद्यावर, डेस्कटॉप दिसायच्या आधीच पासवर्ड विचारला जात असेल, तर लॅपटॉप झोपला नव्हता, हायबरनेट झाला होता. त्यात मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद होतं. डिस्क लक्सने (लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-एन्क्रिप्शनने) एन्क्रिप्ट केलेली असेल तर सुरू होताना किल्ली पुन्हा मागणारच. त्याहीआधी, कंपनीचं बोधचिन्ह दिसतं तिथेच विचारणा होत असेल तर तो बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा पासवर्ड, आणि त्याच्याशी लिनक्सचा संबंध नाही.

ब्राउझर उघडल्यावर ‘कीरिंग’चा (जपून ठेवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागणारी खिडकी हा आणखी वेगळा प्रकार. तुम्ही पासवर्ड टाइप करून लॉगिन केलं की कीरिंगही त्याच पासवर्डने उघडतं. आपोआप लॉगिन चालू केलंत तर पासवर्ड टाइपच होत नाही, त्यामुळे कीरिंग बंद राहतं आणि मग स्वतंत्रपणे मागतं. नुसतं झोपेचं कुलूप काढल्याने ही खिडकी येत नाही. म्हणूनच आमच्या मते लॉगिनचा पासवर्ड राहू द्यावा, झोपेचा तेवढा काढावा. तरीही खिडकी नको असेल तर ‘पासवर्ड्स अँड कीज’मध्ये ‘लॉगिन’ कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवता येतो; मात्र त्यानंतर त्यातले सगळे जपलेले पासवर्ड डिस्कवर एन्क्रिप्शनशिवाय पडून राहतात.

पासवर्ड बरोबर असूनही उठल्यावर नाकारला जातो म्हणून तुम्ही तो काढायला निघाला असाल, तर आधी कीबोर्डची मांडणी बघा. मराठी इन्स्क्रिप्ट किंवा कगप मांडणी चालू असताना कुलूप लागलं, तर पासवर्डच्या चौकटीतही तीच राहू शकते आणि ठिपक्यांमुळे देवनागरी उमटतंय हे कळत नाही. कुलपाच्या पडद्यावरच्या भाषेच्या खुणेवर क्लिक करून इंग्रजी मांडणी निवडा आणि पासवर्ड पुन्हा टाका.

या सेटिंगा खात्यागणिक वेगळ्या असतात. एकाच लॅपटॉपवर घरातल्या तिघांची खाती असतील तर प्रत्येकाला आपापल्या खात्यात बदल करावा लागेल. ऑफिसच्या यंत्रावर बटण फिकट दिसत असेल किंवा डीकॉन्फ एडिटर नोंद बदलू देत नसेल, तर ती व्यवस्थापकाने मुद्दाम गोठवलेली असते. तिथे आडवाटा शोधू नका, आयटी विभागाला विचारा.