कोकणात तंबूत कुशीवर झोपताय? या चुका टाळा

पाठीवर झोपणाऱ्याचं वजन पाठ, नितंब, पोटऱ्या असं अंगभर वाटलं जातं. कुशीवर वळलं की तेच वजन खांदा आणि खुबा या दोन जागांवर येतं. कंबर अधांतरी राहते, वरचा गुडघा पुढे पडतो आणि पाठीचा खालचा भाग पिळला जातो. मग मध्यरात्री हाताला मुंग्या येतात, खुबा ठणकतो आणि रात्रभर कूस बदलणं सुरू राहतं. त्यासाठी लगेच महागडी मॅट घ्यायला धावू नका. हाडाखाली जागा करायची आणि पोकळीत भर घालायची, एवढं केलं तरी निम्मा त्रास जातो. खालच्या बहुतेक चुका नेमक्या याच्या उलट वागण्याच्या आहेत.

मॅट टणक फुगवणं

हवेची मॅट गच्च भरली की खुबा आत बसतच नाही, वरच टेकून राहतो. भरताना पूर्ण भरा, पण तिथेच थांबू नका. ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर, उशी घेऊन, गुडघे दुमडून आडवे व्हा. व्हॉल्व्ह जरा जरा उघडून हवा सोडा. खुबा जमिनीला हलकेच टेकल्याचं जाणवलं की बंद करा आणि दोन-तीन फुंकरी परत भरा. खुबा आणि जमीन यांच्यात दोन बोटांची फट राहिली पाहिजे. बसून किंवा गुडघ्यावर ओणवं होऊन तपासू नका. तेव्हा सगळं वजन एका जागी येतं, मॅट तळाला टेकते आणि माणूस उगाच आणखी हवा भरतो.

कुशीवर झोपणाऱ्याला जाडी 7 ते 10 सेंटिमीटर हवी. 6 मिलिमीटरची योगा मॅट फक्त ओल अडवते, खुब्याला तिचा उपयोग नाही. रुंदीकडेही बघा. नेहमीची 51 सेंटिमीटरची मॅट गुडघे दुमडल्यावर अपुरी पडते आणि गुडघे बाहेर जमिनीवर येतात. 63-64 सेंटिमीटरची मिळाली तर तीच घ्या. नाहीतर ज्या बाजूला गुडघे येतात तिथे कपडे भरलेली सॅक आडवी ठेवा.

पुळण मऊ असते असं धरून चालणं

कोरडी पुळण पायाखाली सरकते म्हणून मऊ वाटते. अंगाखाली तासभर दाबली गेली की ती फरशीइतकी घट्ट होते. तंबू उभारण्याआधी त्या जागी कुशीवर आडवे व्हा आणि खुबा कुठे येतो तिथे खूण करा. अंथरुणाच्या पूर्ण रुंदीभर आडवी पन्हळ खणा, साधारण 25 सेंटिमीटर रुंद आणि मध्ये 4 ते 5 सेंटिमीटर खोल. कडा उतरत्या ठेवा, उभी कड मांडीत रुतते. खांद्यासाठी तशीच दुसरी, पण 2-3 सेंटिमीटरच. गोल खड्डा न करता पन्हळ करायची, कारण कूस बदलली तरी खुबा त्यातच राहतो. तंबू उभारल्यावर आठवण झाली तर तळाच्या कापडावरून टाचेने दाबत वाळू बाजूला सारता येते. ते काम ओबडधोबड होतं, पण चालतं.

वेळास, आंजर्ले, गुहागर अशा कासवांच्या किनाऱ्यांवर हे अजिबात करू नका. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले मादी वाळूत अंडी घालते आणि पिल्लं समुद्राकडे जाताना अशा खळग्यांत अडकतात. तिथे मुक्काम पुळणीवर नको, मागे वाडीच्या बाजूला, गावात विचारून करा. इतर किनाऱ्यांवरही सकाळी निघताना पन्हळ बुजवा.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, वेगळीच गंमत. जांभा खडबडीत, खाचखळग्यांचा. तिथे खणायचा प्रश्नच नाही. तंबूखाली जाड ताडपत्री, त्यावर फोमची मॅट आणि सगळ्यात वर हवेची मॅट, असे थर लावा. फोम खाली असला की दगडाची टोकं हवेच्या मॅटपर्यंत पोचत नाहीत. दोर ताणायला दगड गोळा करताना आधी काठीने उलटवा. कातळावर दगडांखाली फुरसं बसलेलं असतं आणि ते पटकन दिसत नाही. उक्षी, कशेळी, बारसू या भागांतल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कोरीव रेषा दिसल्या तर तिथून लांब जा, त्यावर तंबू किंवा चूल नको.

आडव्या उतारावर अंथरूण

पाठीवर झोपणारा थोडा आडवा उतार सहन करतो. कुशीवरचा माणूस घरंगळतो आणि ते अडवण्यासाठी झोपेतही अंग ताठ धरून ठेवतो. पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. डावी-उजवीकडे गडगडली तर तंबू फिरवा. थोडा उतार उरलाच तर डोकं वरच्या बाजूला. तंबूचं कापड गुळगुळीत असेल तर सपाट जागीही मॅट सरकते. ड्रॉवरमध्ये अंथरतात ती रबरी जाळी तिच्याखाली टाका.

माडाखाली सावली छान असते, पण नारळ आणि झावळ रात्रीही पडतात. भरतीची रेघ, म्हणजे काटक्या-शिंपल्यांची ओळ, तिच्या बऱ्याच वर राहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, तेव्हा कालची रेघ आज उपयोगाची नाही.

एका उशीवर भागवणं

कुशीवर झोपताना डोक्याखाली खांद्याच्या रुंदीएवढी उंची लागते, बहुतेकांना 10 ते 15 सेंटिमीटर. छोटी हवेची उशी निम्मीच असते. मग माणूस दंड उशीखाली घालतो आणि तोच बधिर होतो. अभ्रा सोबत घ्या. त्यात खाली घडी केलेलं जाकीट आणि वर हवेची उशी भरा. मऊ जाकीट एकटं घातलं तर दोन तासांत दबून सपाट होतं. अभ्रा मॅटच्या डोक्याकडच्या भागाला इलॅस्टिकने बांधला की उशी निसटत नाही.

दुसरी उशी गुडघ्यांत. कोरड्या कपड्यांची पिशवी पुरते, पण ती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. नुसती गुडघ्यात धरली तर पाय खाली लोंबतो आणि पीळ तसाच राहतो. कंबरेच्या पोकळीत पंचाची 3-4 सेंटिमीटरची घडी सारा. शेवटी खालचा खांदा थोडा पुढे ओढून घ्या, म्हणजे वजन खांद्याच्या टोकावर न येता मागच्या फऱ्यावर येतं. मुंग्या येण्यावर याहून झटपट इलाज नाही. आणि रात्री कालवण-भात चापून खाऊन छातीत जळजळत असेल तर डावी कूस धरा, उजव्या कुशीवर आम्ल जास्त वर येतं.

बर्फाळ डोंगरातली बॅग कोकणात

पायाकडे निमुळती स्लीपिंग बॅग कूस बदलताना अंगाभोवती गुंडाळली जाते, गुडघेही दुमडू देत नाही. किनाऱ्यावर तिची गरज क्वचितच पडते. पातळ गोधडी किंवा चेन पूर्ण उघडलेली बॅग पांघरायला पुरे. मॅटवर सुती चादर हवीच. दमट हवेत उघडी कातडी नायलॉनला चिकटते, कूस बदलताना ओढली जाते आणि तेवढ्याने जाग येते. तंबूची जाळी पूर्व-पश्चिम दोन्हीकडे उघडी ठेवा. संध्याकाळी खारा वारा समुद्रावरून येतो, रात्री मतलई वारा जमिनीकडून वाहतो.

पहाटे मॅट बसली की पंक्चर समजणं

संध्याकाळी भरलेली गरम हवा रात्री आकसते. नवी मॅट थोडी ताणतेही. पहाटे मॅट नुसती सैल वाटत असेल आणि तीन-चार फुंकरींनी जागेवर येत असेल तर पंक्चर नाही. झोपायला जाण्याआधी हवा पुन्हा तपासायची, एवढंच.

तास-दोन तासांत पूर्ण सपाट होत असेल तर आधी व्हॉल्व्ह बघा. वाळूचा एक कण रबराच्या कडेत अडकला तरी हवा जाते. गोड्या पाण्याने धुऊन, बोटाने पुसून परत लावा. तरीही जातच असेल तर मॅट गच्च फुगवा, साबणाचं पाणी फासा आणि बुडबुडे कुठे येतात ते बघा. सुरूच्या बनात आणि करवंदीच्या जाळ्यांजवळ छिद्रं बहुधा खालच्या बाजूला सापडतात, म्हणून तिथून सुरुवात करा. छिद्राभोवती पेनाने गोल काढा, नाहीतर वाळल्यावर ते दिसत नाही. हवा पूर्ण काढा, प्रथमोपचार पेटीतल्या स्पिरिटच्या पट्टीने पुसा, वाळू द्या आणि मग पॅच दाबून लावा. हाताच्या सॅनिटायझरची जेल वापरू नका, तिचा थर राहतो आणि पॅच सुटतो. खारं पाणी लागलेली मॅट असेल तर पुसण्याआधी ती जागा गोड्या पाण्याने धुवा.

घरी आल्यावर मॅट गोड्या पाण्याने पुसून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून सावलीत वाळवा. तोंडाने फुगवली असेल तर आतली वाफ दमट हवेत सुकत नाही आणि आत बुरशी धरते. तोंडाऐवजी हवा भरायची पंपाची पिशवी वापरलीत तर हा प्रश्न येत नाही.