जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर खरंच कोणाला येतो?

आमच्या जळगावकडच्या जामनेर-बोदवड पट्ट्यात बरेच जिनिंगवाले, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारे कारखानदार, गणेश चतुर्थीला वजनकाट्याची पूजा करून मुहूर्ताचा कापूस घेतात. मग पितृपक्ष लागला की आवारात शुकशुकाट. ऑफिसातल्या पोरांची कॉम्प्युटरची परीक्षा घ्यायची तर याच पंधरवड्यात घ्या. दिवाळीनंतर गेटवर गाड्यांची रांग लागली की कोणाला काय येत नाही ते आपोआप कळतं, पण तेव्हा कळून काय उपयोग?

अर्जाला एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट असतंच. त्यावरून पोरगा कॉम्प्युटरला बिचकत नाही एवढं समजतं. शासनाची ३० किंवा ४० शब्दांची टायपिंग परीक्षा झाली असेल तर बोटं चालतात, हेही समजतं. काट्याच्या पावत्या जुळवता येतात का, ते दोन्हींतून समजत नाही.

पहिली चाळणी गूगल फॉर्मवर लावा, फुकट आहे. सेटिंगमध्ये जाऊन फॉर्मचं क्विझ करा, प्रश्नांना मार्क द्या, क्रम उलटसुलट होईल असं बघा. ‘एक्सेल म्हणजे काय’ असले प्रश्न नकोत. असं विचारा: बँकेच्या नावानं व्हॉट्सॲपवर केवायसीची एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप टाकणारी) आली, काय कराल? ‘उघडून बघेन’ म्हणणारा बाकी सगळ्यात पहिला आला तरी त्याला बँकेच्या कामाला बसवायचं नाही.

खरी परीक्षा एक्सेलची. मागच्या सीझनच्या काटा पावत्यांची एक फाइल घ्या, शेतकऱ्यांची नावं आणि मोबाइल नंबर बदला, आणि तिच्यात मुद्दाम घाण कालवा. चार-पाच वजनांपुढे ‘क्विं.’ लिहून ठेवा. पहूर गाव तीन तऱ्हेनं लिहा, एकदा शेवटी रिकामी जागा सोडून. काही तारखा टिंब देऊन टाका, ०५.११.२०२४ अशा. एक पावती दोनदा चढवा. एका पावतीत रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीपेक्षा जास्त ठेवा. आता सांगा: निव्वळ वजनाची बेरीज, गाववार बेरीज, आणि प्रत्येकाला द्यायची रक्कम. पाऊण तास पुरे. एक्सेलचं लायसन नसेल तर लिबरऑफिस कॅल्कवर घ्या, काही बिघडत नाही.

‘क्विं.’ जोडलेला आकडा एक्सेलच्या लेखी आकडा नसून अक्षरं असतात. बेरजेचा फॉर्म्युला ती गुपचूप सोडून देतो. चूक दाखवत नाही, बेरीज फक्त कमी येते. जाणकार पोराला असे आकडे रकान्यात डावीकडे चिकटलेले दिसतात. तो काउंट (फक्त आकडे मोजतो) आणि काउंटए (भरलेला प्रत्येक चौकोन मोजतो) लावून किती नोंदी गळाल्या ते काढतो. पारोळ्याकडच्या एका ताईंना यातलं काही येत नव्हतं, पण काट्यावर त्यांची बरीच वर्षं गेलेली. स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, “भाऊ, हाई बेरीज खोटी शे.” आणि कॅल्क्युलेटर ओढला. मी त्यांना पास केलं. फॉर्म्युले आठवड्यात शिकवता येतात. बेरीज बघून शंका येणं शिकवायचं कसं, ते मला अजून जमलेलं नाही.

दुसरा सापळा सॉर्टिंगचा. एकच रकाना निवडून सॉर्ट मारला की एक्सेल विचारतं, शेजारचे रकाने सोबत घेऊ का? घाईत ‘नको’वर क्लिक झालं की पहूरच्या शेतकऱ्याचं वजन शेंदुर्णीच्या माणसाच्या नावावर जातं, आणि फाइल वरून अगदी सरळ दिसते. म्हणून तपासायला मूळ फाइलची एक प्रत तुमच्याकडे हवीच. पाच नोंदी दोन्हीकडे ताडून बघा.

पेपर चालू असताना मागे उभे राहू नका, पोरं गांगरतात. नंतर फाइल उघडा आणि कंट्रोल धरून टॅबच्या वरची कळ दाबा. सगळे फॉर्म्युले उघडे पडतात. तिथे नुसतेच आकडे दिसले तर हिशेब कॅल्क्युलेटरवर झालाय. गूगल शीटवर पेपर घेतलात तर व्हर्जन हिस्टरीत कोणी कधी काय बदललं तेही दिसतं, पण आपल्याकडे नेट आणि वीज दोघांचा भरवसा बघून ठरवा.

टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, परीक्षा त्याच्या एज्युकेशनल मोडमध्ये होते, लायसन लागत नाही. तो मोड महिन्यातल्या मोजक्याच तारखांच्या नोंदी घेतो, म्हणून व्हाउचर १ किंवा २ तारखेचीच द्या. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसाची एक खरेदी टाकायला सांगा. त्यावर ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जनं आपल्यालाच भरावा लागतो. जो शेतकऱ्याच्या बिलात कर वाढवून ठेवतो त्याला टॅली येते, धंदा येत नाही. ई-वे बिलाचं, म्हणजे माल गाडीनं पाठवताना ऑनलाइन काढायच्या जीएसटीच्या कागदाचं, तोंडी विचारलं तरी चालेल; ५० हजारांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती एक लाख आहे.

मार्कांची एकच बेरीज करून मालकांपुढे ठेवू नका. आबाशेठ आकडा बघतात आणि ६० वाल्याला घरी पाठवतात. काटा, बँक, टॅली असे तीन रकाने करा आणि प्रत्येकात ‘एकटा करेल’, ‘कोणी सोबत हवं’ किंवा ‘अजून नको’ एवढंच लिहा. ‘सोबत हवं’ वाल्यांना दसऱ्याला दुसऱ्या चुका घातलेली फाइल परत द्या. जुनी फाइल मात्र पेपर होताच पेनड्राइव्हवर घेऊन कॉम्प्युटरवरून उडवा, रिसायकल बिनमधूनसुद्धा. पुढच्या खुर्चीवरचं पोरगं आधी तिथेच बघतं.