फुलं तर लावली, आता मधमाश्यांना राहायला जागा पण द्या

परागसिंचन म्हटलं की पोळंवाली मधमाशीच डोळ्यासमोर येते, पण जगात मधमाश्यांच्या 20,000 च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक एकट्याच राहतात. ना पोळं, ना राणी, एकटी मादी सगळं घर सांभाळते. आणि यातल्या जवळपास 70% जाती जमिनीत बिळं करून राहतात! म्हणून नुसती फुलं लावून भागत नाही, राहायला जागा नसेल तर त्या खाऊन निघून जातील.

सगळ्यात आधी उन्हातला, पाणी न साचणारा जमिनीचा एक तुकडा उघडा ठेवा. त्यावर प्लॅस्टिक नको, जाड मल्चिंग (पालापाचोळ्याचं आच्छादन) नको, खणायचं पण नाही. पेन्सिलीएवढी भोकं आणि बाजूला मातीची छोटीशी ढिगळी दिसली की समजायचं कुणीतरी राहायला आलंय. घाबरू नका, या माश्यांना राखायला पोळं नसतं त्यामुळे सहसा त्या अंगावर येत नाहीत, हातात दाबली वगैरे तर चावेल.

बाकीच्या बऱ्याच जाती पोकळ काड्यांत नाहीतर वाळक्या लाकडात राहतात. म्हणून झाडं छाटताना पार बुडापासून कापू नका, फूटभर खुंट राहू द्या. बी हॉटेल, म्हणजे माश्यांना राहायला पोकळ नळ्यांचं घर करायचं असेल तर नळ्या 2 ते 10 मिमी रुंद आणि साधारण 15 सेमी खोल घ्या, मागचं तोंड बंद पाहिजे. खोली का महत्त्वाची, तर मादी मादीची अंडी आत घालते आणि नराची पुढे, नळी आखूड असेल तर नरच जास्त होतात. ते हलणार नाही असं घट्ट बसवा, सकाळचं ऊन लागेल आणि पाऊस आत जाणार नाही असं बघा. जुन्या नळ्यांत बुरशी आणि माइट्स (बारीक परजीवी किडे) होतात त्यामुळे रिकाम्या झाल्या की बदलत राहायच्या, मोठ्ठं शोभेचं हॉटेल घेण्यापेक्षा दोन-तीन छोटी केव्हाही बरी.

आता फुलं. आपल्या भागातलीच झाडं निवडा, आणि एकानंतर एक अशी फुलतील ना ते बघा, मध्येच महिनाभर काहीच फुललेलं नाही असं नको. एकेक रोप लांब लांब लावू नका, एका जातीची दाट रोपं एकत्र लावा, लांबून दिसतात आणि माशीची फेरी वाचते. भरगच्च दुहेरी पाकळ्यांची हायब्रीड फुलं दिसायला छान असतात पण बऱ्याचदा त्यात पराग आणि मकरंद नसल्यातच जमा. फुलपाखरं हवी असतील तर सुरवंटांना खायची झाडं पण लागतात, आणि मग पानं कुरतडलेली दिसणारच!!

पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धगोल दिसले तर ती कीड नव्हे. पानं कापणारी माशी तो तुकडा पायात धरून नेते आणि त्याचं अस्तर लावून पिल्लांसाठी खोल्या करते. फवारणी अजिबात नको. निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक तर झाडाच्या आत भिनतं आणि पराग-मकरंदातही उतरतं, म्हणून रोप विकत घेतानाच त्यावर काय मारलंय ते विचारून घ्या.

पाण्यासाठी उथळ ताटलीत खडे ठेवा, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

आणि हो, नळीचं तोंड मातीने किंवा पानाने बंद दिसलं तर उकरून बघू नका, आत पिल्लं आहेत. काही जातींना बाहेर यायला जवळपास वर्ष लागतं.