आयपी कॅमेरा जुन्या टीव्ही-मॉनिटरला जोडताय? या चुका टाळा

जुना मॉनिटर अजून ठणठणीत चालतोय, गेटवर नाहीतर काउंटरवर नुसतं लाइव्ह बघायलाच हवाय, मग नवा स्क्रीन कशाला घ्यायचा? हा विचार अगदी बरोबर आहे, चालती वस्तू टाकून कशाला द्यायची. पण सीसीटीव्ही कॅमेरे बदलून आयपी, म्हणजे लॅन केबलवर चालणारे, केले की बरेच जण थेट अडॅप्टर शोधायला निघतात, एक झाला, दुसरा झाला, तरी स्क्रीन आपला काळाच.

मूळ भानगड अशी की आयपी कॅमेऱ्याच्या केबलमधून व्हिडिओ सिग्नल येतच नाही. येतो तो डेटा, एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये कॉम्प्रेस केलेला आणि पॅकेट पॅकेट करून पाठवलेला. जुन्या मॉनिटरला मात्र बीएनसीवर (गोल, फिरवून लावायचा जॅक) किंवा पिवळ्या पिनवर साधारण १ व्होल्टचा कॉम्पोझिट, म्हणजे एकाच वायरमधून येणारा अ‍ॅनालॉग व्हिडिओ सिग्नल लागतो, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) असेल तर ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) असेल तर ५२५ ओळी आणि जवळपास ३० फ्रेम. म्हणजे तो डेटा उलगडून त्याचं चित्र करणारं काहीतरी मधे पाहिजेच, मग तो एनव्हीआर (आयपी कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) असो, डिकोडर (फक्त चित्र उलगडून दाखवणारा डबा) असो नाहीतर छोटा कॉम्प्युटर. त्यात प्रोसेसर असणार आणि त्याला पॉवर लागणार. ज्या डबीला पॉवरच लागत नाही ती हे काम करूच शकत नाही, खरेदी करताना एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच पैसे वाचतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आरजे४५ ते बीएनसी अडॅप्टरमध्ये. दिसायला एका बाजूला लॅनचा सॉकेट, दुसऱ्या बाजूला बीएनसी, माणसाला वाटतं झालं काम. तो खरं तर बलून असतो, अ‍ॅनालॉग कॅमेऱ्याचा सिग्नल कॅट५ केबलमधून लांब न्यायला केलेला, त्यात चित्र बनवायची सोयच नाही. तसाच गोंधळ इथरनेट ओव्हर कोॲक्स किटचा. ते किट चांगलं आहे, भिंतीतली जुनी कोॲक्स केबल न काढता नेटवर्क पुढे न्यायला उपयोगी पडतं, पण दोन्ही टोकांना त्याचे डबे लागतात आणि पलीकडे परत लॅनच निघते, व्हिडिओ नाही. आणि अशा प्रयोगांत पॅसिव्ह पीओई (लॅन केबलमधूनच पॉवर देणारा) इंजेक्टर तर अजिबात आणू नका, स्टँडर्ड पीओई स्विच समोर पीओईवालं डिव्हाइस आहे का ते आधी तपासतो आणि मगच पॉवर सोडतो, पॅसिव्हवाला काहीही न बघता व्होल्टेज सोडतो, समोर जुना मॉनिटर असला तरी.

मग करायचं काय? आधी एनव्हीआरची मागची बाजू नीट बघा. व्हीजीएवाला जुना मॉनिटर असेल आणि एनव्हीआरला व्हीजीए असेल तर डायरेक्ट लावा, कन्व्हर्टरची भानगडच नको. काही एनव्हीआर आणि हायब्रिड (अ‍ॅनालॉग आणि आयपी दोन्ही कॅमेरे घेणाऱ्या) डीव्हीआरला अजूनही बीएनसीवर सीव्हीबीएस, म्हणजे तेच कॉम्पोझिट, आउटपुट असतं, ते असेल तर तुमचं काम तिथेच झालं. फक्त हायब्रिड घेणार असाल तर त्यात आयपी चॅनल किती चालतात ते आधी विचारा, बीएनसी इनपुट सोळा दिसले म्हणून सोळा आयपी कॅमेरे बसतील असं नसतं. यातलं काहीच नसेल तर एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर किंवा बीएनसी आउटवाला आयपी डिकोडर.

कन्व्हर्टरच्या चुका ठरलेल्या आहेत. एव्ही ते एचडीएमआय आणि एचडीएमआय ते एव्ही या दोन वेगळ्या डब्या आहेत, दिसतात सारख्या, आणि उलट्या दिशेने चालत नाहीत. दुसरं, यूएसबीची पॉवर न देताच लावतात. तिसरं जास्त त्रासदायक: एनव्हीआरचं आउटपुट ४के वर सेट असतं, स्वस्तातला कन्व्हर्टर साधारण १०८०पी पर्यंतच घेतो, आणि समोर काळा स्क्रीन असल्यामुळे सेटिंग बदलायला मेनूही दिसत नाही. म्हणून एनव्हीआर आधी चांगल्या मॉनिटरला लावून आउटपुट १०८०पी किंवा ७२०पी करा, सेव्ह करा, रीस्टार्ट करून तेच राहतंय का बघा आणि मगच कन्व्हर्टर जोडा. पुढची सगळी सेटिंगही लॅपटॉपवरून ब्राउझरमध्येच करा, कॉम्पोझिटवर मेनूची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, डोळे दुखतात नुसते.

चित्र आलं पण मनासारखं नाही

इथे अपेक्षा जरा जमिनीवर ठेवायला लागते. पाल कॉम्पोझिटमध्ये फार तर ७२० बाय ५७६ एवढं चित्र बसतं. कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा असला तरी तेवढंच. १९२० पिक्सेल रुंद चित्रात गाडीची नंबर प्लेट १०० पिक्सेल असेल तर तीच इथे ३७-३८ पिक्सेलवर येते, म्हणजे प्लेट आहे एवढं कळतं, नंबर काय ते नाही. आणि लोक त्याच स्क्रीनवर सोळा कॅमेऱ्यांचा ग्रिड लावतात, हिशोब करा, प्रत्येक कॅमेऱ्याला १८० बाय १४४ पिक्सेल आले, त्यात माणूस हलतोय एवढंच दिसणार. माझं स्पष्ट मत आहे की अशा मॉनिटरवर एक कॅमेरा फुल स्क्रीन नाहीतर जास्तीत जास्त चार, आणि बाकीचे सिक्वेन्सवर फिरते ठेवा. रेकॉर्डिंग एनव्हीआरमध्ये पूर्ण क्वालिटीत होतच असतं, चेहरा किंवा नंबर बघायचा असेल तर तो रेकॉर्डिंगमधून चांगल्या स्क्रीनवर बघा. चोरी झाल्यावर जुन्या टीव्हीचा मोबाइलवर फोटो काढून पुरावा म्हणून देऊ नका, मूळ क्लिप एक्सपोर्ट करा.

माणसं उंच आणि बारीक दिसतायत? १६:९ चं चित्र ४:३ मध्ये दाबलं गेलंय. डिकोडरमध्ये किंवा एनव्हीआरमध्ये रेशो ठेवायचा ऑप्शन शोधा, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील. तारीख-वेळ कोपऱ्यात अर्धी कापली जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, सीआरटी (पिक्चर ट्यूबवाला टीव्ही) कडेचा थोडा भाग लपवतोच, कॅमेऱ्याच्या ओएसडी (चित्रावरची अक्षरं) सेटिंगमध्ये ती तारीख जरा आत सरकवा.

डिकोडर वापरत असाल तर मेन स्ट्रीमच्या (कॅमेऱ्याचं पूर्ण क्वालिटीचं चित्र) मागे लागू नका. तसंही ५७६ ओळीच दाखवायच्यात, सब स्ट्रीम (त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र) ७०४ बाय ५७६ ला, एच.२६४, पालसाठी २५ फ्रेम असं ठेवलं की मस्त चालतं. एच.२६५+ सारखे कंपन्यांचे स्मार्ट कोडेक सब स्ट्रीमला बंद ठेवा, दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरला ते कधी पचतात कधी नाही. आणि आय-फ्रेम इंटरव्हल (किती फ्रेमनंतर पूर्ण फ्रेम येते ते) बघाच, हे कोणी बघत नाही! २५ फ्रेमला इंटरव्हल २५० असेल तर पूर्ण फ्रेम १० सेकंदांतून एकदा येते, कॅमेरा बदलला की तेवढा वेळ काळा किंवा राखाडी ठोकळे दिसू शकतात आणि माणूस डिकोडर खराब म्हणून परत करायला निघतो. इंटरव्हल २५ किंवा ५० करा, चित्र लगेच येतं.

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर करणाऱ्यांसाठी थोडक्यात, पाय ४ ला ३.५ एमएमच्या जॅकमधून कॉम्पोझिट निघतं पण ते मुळात बंद असतं, कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं. केबलही बघून घ्या, एव्हीच्या ३.५ एमएम केबलमध्ये पिनांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, पिवळी लावून काहीच आलं नाही तर लाल पांढरी लावून बघा, बऱ्याचदा तिथेच चित्र सापडतं.

आता लक्षणांवरून ओळखायचं. चित्र स्थिर पण ब्लॅक अँड व्हाइट, तर बहुतेक पाल-एनटीएससी जुळत नाहीये किंवा टीव्ही कॉम्पोनंट (तीन वायरींच्या व्हिडिओच्या) मोडवर आहे, हिरवा आणि पिवळा एकाच सॉकेटवर असलेल्या टीव्हीत हे हमखास होतं. चित्र वर-खाली लोळतंय, तरी आधी तोच पाल-एनटीएससीचा स्विच. जाड आडव्या पट्ट्या हळूहळू सरकतायत, तर ग्राउंड लूप (दोन डिव्हाइसच्या अर्थिंगमधल्या फरकाने येणारा अडथळा), मॉनिटर आणि एनव्हीआर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, गेल्या तर कारण सापडलं, लांबच्या केबलला ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, अर्थिंगची पिन मात्र काढू नका. सावल्या, डबल कडा दिसतायत तर केबल तपासा, ७५ ओहमची आरजी५९ किंवा आरजी६ पाहिजे, आरजी५८ दिसायला तशीच असते पण ती ५० ओहमची.

एक बारीक स्विच मात्र सगळ्यांना चकवतो. बीएनसी मॉनिटरच्या मागे इन आणि आउट अशा दोन जॅकांशेजारी ७५ ओहम आणि हाय-झेड असा स्विच असतो. एकातून दुसऱ्या मॉनिटरला लूप दिला असेल तर फक्त शेवटचा ७५ वर ठेवायचा, मधले सगळे हाय-झेड. दोन्ही ७५ वर राहिले की चित्र मंद पडतं, दोन्ही हाय-झेडवर राहिले की भगभगीत पांढरं. लोक ब्राइटनेस फिरवत बसतात आणि दोष त्या स्विचचा असतो.

टीव्हीला फक्त अँटेनाचंच भोक असेल तर मॉड्युलेटर (व्हिडिओचं टीव्ही चॅनल करणारा डबा) लागेल, पण तो अ‍ॅनालॉग आरएफ मॉड्युलेटरच घ्या. एचडीएमआयवाले बरेच मॉड्युलेटर डिजिटल चॅनल काढतात, जुन्या टीव्हीचा ट्यूनर तो पकडणारच नाही.

सगळं नीट चाललेलं असताना राउटर रीस्टार्ट झाल्यावर अचानक चित्र गेलं तर केबलला हात लावू नका, कॅमेऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस बदललाय का ते बघा. कॅमेरे आणि डिकोडरला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी द्या नाहीतर राउटरमध्ये रिझर्व्ह करा. पासवर्ड बदलला असेल तर तो डिकोडरमध्येही बदला, चुकीचा पासवर्ड वारंवार गेला की बरेच कॅमेरे काही वेळ लॉक होतात. आणि डिकोडरसाठी कॅमेऱ्यात वेगळा, फक्त बघण्यापुरता यूजर बनवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यात टाकून ठेवू नका.

सीआरटी असेल तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, तोच ग्रिड आणि तीच तारीख रात्रंदिवस एका जागी राहिली की ट्यूबवर कायमचा डाग पडतो. आणि चित्र कसंही आलं तरी मागचं कव्हर खोलू नका, प्लग काढल्यावरही आत हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात, ते काम टीव्ही मेकॅनिकचं.